अर्क बशीत चालतो, शेतात का चालत नाही?

विचारलेला प्रश्न असा आहे. ज्वारीची वाळलेली धाटे बारीक कापून चोवीस तास पाण्यात भिजवली, पाणी गाळून घेतले आणि काचेच्या बशीत टिपकागदावर ते टाकून माठाचे व घोळीचे बी ठेवले. जवळजवळ काहीच उगवले नाही. तोच अर्क शेतात फवारला तेव्हा तण आठ दिवस जरा मलूल दिसले आणि मग पुन्हा जोमाने वाढले. आता अर्क आणखी दाट करावा का? की ज्वारी सोडून निलगिरी, गाजरगवत असे काही घ्यावे? आणि वनस्पतींमधल्या रसायनांच्या जोरावर तण रोखता येते, हे मुळात खरे आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. तण रोखता येते. मी हे काम बरीच वर्षे करतो आहे आणि माझा त्यावर भरवसा आहे. मात्र ‘रोखणे’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. तणनाशकासारखे उभे तण जाळून टाकणे हे या रसायनांचे काम नाही. बी उगवायला उशीर लावणे, कोवळे मूळ खुंटवणे, रोप काही दिवस मागे ठेवणे, इतके ती करतात. त्यातून पिकाला तीन ते पाच आठवड्यांची सवड मिळते. तेवढ्यात पिकाने पाने पसरून जमीन झाकली तर पुढे सावलीच तण दाबते. पिकाला ती सवड वापरता आली नाही, तर रसायन कितीही असो, तण वर येतेच.

आता बशीचे कोडे. इथे हिशेब करून पाहणे सर्वांत उपयोगाचे. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या बशीत साधारण ५ मिलिलिटर अर्क घालतात. त्या बशीचे क्षेत्र सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. हेच प्रमाण एका हेक्टरला लावले तर जवळजवळ ७,८०० लिटर अर्क होतो. शेतात आपण हेक्टरी ५०० लिटर फवारतो. म्हणजे बशीतल्या बियाला शेतातल्या बियाच्या पंधरा-सोळा पट अर्क मिळाला, आणि तोही मातीविना. एक किलो धाटे दहा लिटर पाण्यात भिजवली असतील तर ५०० लिटर अर्कात फक्त ५० किलो धाटांचा विद्राव्य भाग आला. शेतातली वरची दोन सेंटिमीटर माती धरली तरी हेक्टरी तिचे वजन अडीचशे टनांच्या घरात जाते. पन्नास किलो धाटांचा रस अडीचशे टन मातीत मुरवून तणाचे बी अडेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्या रसावर अन्याय आहे.

यावर साहजिक वाटते की मग अर्क आटवून दाट करावा. तेही बरेच जणांनी केले आहे. पण बशीत आणखी दोन गोष्टी घडतात आणि त्या दाटपणाने सुटत नाहीत.

पहिली गोष्ट साखर-क्षारांची. धाटांच्या अर्कात नुसती तणरोधक रसायने नसतात. साखर, पोटॅश, इतर क्षार असे सगळेच विरघळलेले असते. दाट द्रावणात बियाला पाणी ओढून घेता येत नाही, आणि बी न उगवण्याचे तेही कारण असू शकते. साध्या मिठाच्या पाण्यातही बी उगवत नाही, पण म्हणून मिठाला कोणी वनस्पतीचे गुप्त अस्त्र म्हणत नाही. प्रयोगशाळेत हा गोंधळ टाळायला तेवढ्याच परासरण दाबाचे, म्हणजे बियाला पाणी ओढून घेणे तेवढेच अवघड जाईल असे, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण तुलनेसाठी ठेवतात. घरच्या घरी करण्यासारखी चाचणी सोपी आहे. अर्कात न उगवलेले बी धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवा. चार दिवसांत ते उगवले तर अर्काने त्याला थोपवले होते, मारले नव्हते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बी उगवते.

दुसरी गोष्ट म्हणजे माती जिवंत असते. ज्वारीच्या धाटांतून पाण्यात उतरतात ती बहुतेक फिनॉलिक आम्ले: पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झोइक, पॅरा-क्युमॅरिक, फेरुलिक, व्हॅनिलिक. मातीतल्या जिवाणूंना ही आम्ले म्हणजे खाद्य. ओल आणि ऊब असेल तर काही दिवसांत ती संपतात. उरलेला भाग चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतात आणि तो मुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच एकच अर्क हलक्या वाळूसर जमिनीत थोडा परिणाम दाखवतो आणि भारी, भरपूर सेंद्रिय कर्ब असलेल्या जमिनीत जवळजवळ काहीच दाखवत नाही. दोन शेतकरी एकमेकांच्या अनुभवावर विश्वास ठेवत नाहीत तेव्हा पुष्कळदा फरक जमिनीचा असतो.

ज्वारीची आणखी एक गंमत आहे आणि ती या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी असे मला वाटते. ज्वारीचे सर्वांत जबरदस्त तणरोधक रसायन धाटांत नसतेच. त्याचे नाव सॉर्गोलिओन. ते जिवंत मुळांवरच्या मूलरोमांतून बाहेर पडते, सोनेरी तेलकट थेंबांच्या रूपात. तणाच्या कोवळ्या रोपात ते प्रकाशसंश्लेषणाची साखळी अडवते. काही कृत्रिम तणनाशकेही नेमक्या त्याच जागी घाव घालतात. पण हे रसायन तेलकट असल्यामुळे पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे धाटे दोन दिवस भिजवा की आठ दिवस, सॉर्गोलिओन अर्कात येणार नाही. ते हवे असेल तर ज्वारी शेतात वाढायला हवी, तिची मुळे मातीत पसरायला हवीत. ते मातीच्या कणांना चिकटून राहते आणि फिनॉलिक आम्लांपेक्षा जास्त दिवस टिकते. ज्वारीनंतरच्या पिकात सुरुवातीला तण कमी दिसते त्यामागे हे एक कारण आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत: अर्क दाट करत बसू नका. वनस्पती बाटलीत भरण्याऐवजी ती आख्खी शेतात वापरा, आच्छादन म्हणून किंवा फेरपालटीचे पीक म्हणून.

अर्काला अगदीच मोडीत काढत नाही. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या पाणी-अर्कावर अनेक वर्षे काम झाले आहे. गव्हात त्याच्या फवारण्यांनी तणाचे वजन साधारण एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटल्याचे आणि तणनाशकाच्या कमी मात्रेसोबत अर्क दिल्यास मात्रेत चांगली बचत झाल्याचे त्यांनी दाखवले. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कोवळ्या तणावरचे, दाट पेरलेल्या गव्हातले आहेत. गहू स्वतःच जमीन लवकर झाकतो आणि अर्काने मागे पडलेल्या तणाला पुढे येऊ देत नाही. रुंद ओळींच्या पिकात तीच फवारणी केलीत तर मधली मोकळी जागा तणाला पुन्हा मिळते. तुमच्या शेतात बहुधा हेच झाले.

आता आच्छादनाकडे येतो, कारण माझा जीव खरा यात आहे.

यातले सर्वाधिक अभ्यासलेले पीक म्हणजे राय, थंड हवामानातले तृणधान्य. (मोहरीच्या एका प्रकारालाही राय म्हणतात, ते हे नव्हे.) अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात १९८०च्या दशकात ॲलन पुटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राय वाढवून, मारून, तिचा पेंढा जागीच पसरून भाजीपाल्यात तण रोखून दाखवले. रायमध्ये बेन्झोक्साझिनॉइड गटाची रसायने असतात. त्यांतले मुख्य डिबोआ आणि त्यापासून मातीत तयार होणारे बोआ. गहू आणि मक्यातही याच कुळातली रसायने असतात. त्या प्रयोगांतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तुलनेसाठी त्यांनी नुसती मोकळी जमीन ठेवली नाही, तर पॉप्लर लाकडाच्या तंतूंचा निष्क्रिय थरही पसरला. सावली दोन्हीकडे सारखी, रसायन एकीकडेच. फरक उरला तो रसायनाचा. अशी तुलना नसेल तर आच्छादनाने तण कमी झाले यातला किती वाटा अंधाराचा आणि किती रसायनाचा हे सांगताच येत नाही.

खरे सांगायचे तर शेतात मला हा वाटा वेगळा काढण्याची गरज पडत नाही. पेंढ्याखाली उजेड कमी, दिवसरात्रीच्या तापमानातला चढउतार कमी, वर ढकलायला जाड थर, आणि त्यातून प्रत्येक पावसासोबत झिरपणारे रसायन. उजेड न मिळाल्याने आधीच कमजोर झालेल्या रोपाला थोडेसे रसायनही भारी पडते. फवारलेला अर्क एकदा येतो आणि संपतो, पेंढा मात्र आठवडेच्या आठवडे थोडे थोडे देत राहतो. पुन्हा हिशेब पाहा: हेक्टरी आठ टन कोरडा पेंढा म्हणजे त्या पन्नास किलो धाटांच्या अर्काच्या १६० पट सामग्री.

आठ टन हा आकडा मी सहज लिहिला नाही. रायच्या आच्छादनावर काम करणारे बहुतेक जण हेक्टरी आठ टनांच्या आसपास कोरडे वजन असेल तरच भरवशाचे तणनियंत्रण मिळते असे सांगतात. म्हणजे चौरस मीटरला ८०० ग्रॅम. पेंढ्याखाली माती कुठेही दिसत नसेल असा थर. चार टनांवर तण विरळ होते, पण ज्या फटीतून उजेड जातो तिथून ते हमखास वर येते. फटीतून आलेले तण आच्छादनाची ओल पिऊन जास्तच माजते. म्हणून अर्धवट आच्छादन टाकण्यापेक्षा निम्म्या क्षेत्रावर पुरते टाकावे, हे मी नेहमी सांगतो.

पीक कधी कापायचे यात एक ओढाताण आहे. कोवळ्या रायमध्ये रसायनाचे प्रमाण जास्त, पण पेंढा कमी. पीक जून होत जाते तसे रसायन घटते आणि पेंढा वाढतो. शिवाय कोवळी राय कापली तर ती पुन्हा फुटते आणि स्वतःच तण होऊन बसते. फुलोऱ्यात आलेली राय दातेरी रोलरने आडवी पाडून ताटे चिरडली की पुन्हा उठत नाही. म्हणून फुलोऱ्याची वेळ धरावी, रसायनात थोडे नुकसान सोसून. ज्वारीचे तसे नाही. जून धाटे लवकर कुजत नाहीत, बुडख्यातून फुटवे येतात ते मात्र पाहावे लागतात.

आच्छादन कोणते तण रोखते? लहान बियांचे, वरच्या एक-दोन सेंटिमीटर मातीतून उगवणारे: माठ, घोळ, चाकवत, बारीक बियांची वार्षिक गवते. लहान बियात साठा कमी, मूळ नाजूक आणि ते नेमके रसायनाच्या थरातच वाढू लागते. मोठ्या बियांचे तण खालून येते, त्याच्यापाशी शिदोरी असते, ते थर फोडून वर येते. आणि लव्हाळा, हरळी, कुंदा यांच्यापुढे हे सगळे हात टेकते. गाठी आणि भूमिगत खोडांतून येणाऱ्या तणाला बियाच्या उगवणीची पायरीच नसते. शेतात लव्हाळा असेल तर आच्छादनाआधी त्याचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करा, नाहीतर महिन्याभरात पेंढ्यातून लव्हाळ्याची टोके सुईसारखी वर आलेली दिसतील.

जे लहान बियांच्या तणाला लागू तेच लहान बियांच्या पिकालाही लागू, आणि इथे मी स्वतः फसलो आहे. सुरुवातीच्या काळात ज्वारीची हिरवी धाटे जमिनीत गाडून पाचव्या दिवशी कांद्याचे बी थेट पेरले. उगवण ठिगळाठिगळांची झाली. मला बियाण्याचा संशय आला. मग उरलेले तेच बी शेजारच्या रिकाम्या वाफ्यात टाकले तर ते भरभरून उगवले. धाटे जिथे दाट पडली होती नेमकी तिथेच ठिगळे रिकामी होती. तेव्हापासून लहान बियांच्या पिकांसाठी, म्हणजे कांदा, गाजर, लेट्यूस यांसाठी, अवशेष गाडल्यावर किमान तीन आठवडे थांबतो आणि मधे एक चांगले ओलीत देतो. सोयाबीन, घेवडा, भोपळा यांसारखी मोठी बी मात्र आच्छादनाखाली तीन ते पाच सेंटिमीटर खोल मातीत गेली की त्यांना फारसा त्रास होत नाही. रसायन वरच्या थरात, बी खालच्या थरात. पुनर्लागवडीची रोपेही चांगली सोसतात, फक्त रोपाभोवती तळहाताएवढी जागा मोकळी ठेवावी.

पिकाला सोसत नाही ती नत्राची टंचाई. जून राय किंवा ज्वारीच्या अवशेषांत कर्ब खूप आणि नत्र कमी. कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. लोक त्याला रसायनाचा परिणाम समजतात. ओळखायचे कसे? नत्राच्या कमतरतेत पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो आणि मुळे धड असतात. रसायनाचा फटका असेल तर मुळे आखूड, टोकाशी तपकिरी दिसतात. रोप उपटून मूळ पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मक्यासारखे नत्रखाऊ पीक रायनंतर घ्यायचे असेल तर दोन आठवडे अंतर ठेवून पेरणीसोबतच थोडा नत्र द्यावा. द्विदल पिकांना ही अडचण फारशी येत नाही, म्हणून नवख्याने सोयाबीनपासून सुरुवात करावी.

मोहरी कुळाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पेंढा पसरून काही मिळत नाही. मोहरीत ग्लुकोसिनोलेट असतात आणि मायरोसिनेज नावाचे विकर वेगळ्या कप्प्यात असते. पेशी चिरडल्या की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होते, मोहरी वाटताना नाकात जाते तेच. ते उडून जाणारे असल्यामुळे सगळा खेळ तासांचा. फुलोऱ्यातली मोहरी जितकी बारीक चिरडता येईल तितकी चिरडायची, त्याच तासाभरात मातीत मिसळायची आणि लगेच पाणी देऊन वरचा थर बंद करायचा. सकाळी कापून दुपारी गाडली तर औषध हवेत गेले. लहान बियांच्या तणावर तिचा परिणाम दिसतो, पण पेरणीपूर्वी निदान दोन आठवडे सोडावे लागतात.

जिवंत मुळांचा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो. भाताच्या मुळांतून मोमिलॅक्टोन-बी नावाचे रसायन बाहेर पडते. सावा वर्गातले भाततण शेजारी असले की काही वाण ते जास्त सोडतात. मोमिलॅक्टोन प्रथम १९७३ साली भाताच्या तुसात सापडले. पुढे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या भात संशोधन केंद्रात वाणांच्या वाफ्यांत असे दिसले की काही मोजक्या वाणांभोवती तणाविना मोकळे कडे आहे. त्यावरून हजारो वाण तपासले गेले. चीनमध्ये हा गुण हेतुपुरस्सर घेऊन हुआगान-३ हा वाण तयार झाला. असा वाण घेतला म्हणून निंदणी सुटत नाही, पण एक निंदणी वाचते, आणि ज्याने निंदणी केली आहे त्याला एका निंदणीचा अर्थ कळतो.

आणि टारफुला. मका-ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या या परोपजीवी तणाचे एक झाड हजारो धुळीएवढी बी सोडते आणि ती मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. यजमान पिकाच्या मुळांतून येणारा रासायनिक इशारा मिळाल्याशिवाय ती उगवतच नाहीत. केनियात इसिपे या कीटकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्राबरोबर खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी मक्यात डेस्मोडियम हे द्विदल लावून पाहिले आणि टारफुला नाहीसा होऊ लागला. डेस्मोडियमची मुळे एका रसायनाने टारफुल्याचे बी उगवायला लावतात आणि दुसऱ्याने त्याच्या मुळाला यजमानाच्या मुळात शिरू देत नाहीत. उगवले, आधार मिळाला नाही, मेले. मातीतला बियांचा साठा असा वर्षागणिक रिकामा होत जातो. वर डेस्मोडियम नत्र देते, जमीन झाकते, जनावरांना चारा होते. इतके नेमके काम करणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि इथेही काम करते ते उभे पीक, हे पाहा.

तुम्ही विचारलेल्या दुसऱ्या वनस्पतींबद्दल. निलगिरीच्या पाल्यात सिनिओलसारखी उडणारी तेले आणि फिनॉलिक आम्ले भरपूर आहेत. पाल्याचा थर पायवाटा, कुंपणाच्या कडा, जुन्या झाडांखाली उपयोगी पडतो. भाजीच्या वाफ्यात मी तो घालत नाही, कारण तो निवड करत नाही. अक्रोडाच्या पानांचे आणि सालींचेही तसेच. त्यातला जुग्लोन टमाट्याला विशेष जाचतो. गाजरगवताला मात्र हात लावू नका. त्यातले पार्थेनिन उगवण रोखते हे खरे, पण तेच त्वचेला भयंकर ॲलर्जी देते आणि ती एकदा जडली की वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. अर्कासाठी गाजरगवत कापून, वाटून, हाताळणारा माणूस दरवेळी तो धोका घेतो. फुलावर आलेले गवत आणले तर बीही सोबत येते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असा समज या विषयात फार महागात पडतो. ज्वारीच्याच कोवळ्या पानांत धुरिन असते, त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटते आणि जनावर दगावते. आच्छादनासाठी लावलेल्या कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या, गुरे शिरू देऊ नका.

उभे तण जाळणारी वनस्पतिजन्य द्रव्येही आहेत: पेलार्गोनिक आम्ल, लवंगेच्या तेलातले युजेनॉल, लिंबूवर्गीय सालींतले लिमोनीन. ती पानावरचे मेणचट आवरण आणि पेशीपटल फोडतात, ऊन असेल तर दोन-तीन तासांत पान करपते. पण ती पानातून मुळाकडे जात नाहीत. दोन-चार पानांच्या वार्षिक तणावर पूर्ण भिजेल अशी फवारणी केली तर चालतात. त्याहून मोठ्या तणाला नवी पालवी फुटते. मक्याच्या ग्लुटेनचे पीठ हे आणखी एक वनस्पतिजन्य द्रव्य, पण ते उभे तण जाळत नाही. १९८०च्या दशकात आयोवा राज्य विद्यापीठात निक ख्रिश्चन्स हिरवळीच्या (लॉनच्या) दुसऱ्याच एका प्रयोगात ते वापरत असताना त्याचा हा गुण लक्षात आला. उगवत्या बियाचे मूळ ते तयार होऊ देत नाही. चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम लागते, आणि बी उगवल्यावर जमीन थोडी कोरडी पडावी लागते. वेळ चुकली तर त्यातला दहा टक्के नत्र तणालाच खत होतो. हिरवळीवर ठीक आहे, शेतावर हेक्टरी टनभर टाकणे मला व्यवहार्य वाटत नाही.

निसर्गातला रेणू आहे तसा किती दुबळा असतो हे बॉटलब्रशच्या झाडावरून कळते. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाने पाहिले की त्या झाडाखाली तण फार कमी आहे. त्यातून लेप्टोस्पर्मोन वेगळे काढले. ते काम करत होते, पण हेक्टरी किलोंच्या हिशेबात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलत नेली आणि २००१च्या सुमारास मेसोट्रायोन बाजारात आले, जे हेक्टरी शे-दीडशे ग्रॅममध्ये भागते. पण मेसोट्रायोन हे कृत्रिम तणनाशक आहे. म्हणजे अर्क पुरेसा प्रभावी करायचा तर शेवटी कारखान्यातच जावे लागते. ज्याला ते नको आहे त्याने अर्काचा नाद सोडून थराकडे, मुळांकडे यावे.

झाडाखालच्या मोकळ्या जमिनीवरून निष्कर्ष काढताना एक सावधगिरी. कॅलिफोर्नियातच सुगंधी झुडपांभोवती गवताविना पट्टा दिसतो. १९६४ साली तो झुडपांच्या उडणाऱ्या तेलांमुळे होतो असे मांडले गेले आणि ते उदाहरण जगभर गाजले. १९७० साली दुसऱ्या एका संशोधकाने त्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत वाढले. झुडपात लपणारे उंदीर-ससे बाहेर येऊन बी आणि कोंब खात होते. २००३ साली ‘सायन्स’ मासिकात एका तणाच्या मुळांतल्या कॅटेचिनवरचा गाजलेला शोधनिबंध आला, आणि २०१० साली तो मागे घेतला गेला. म्हणून माझ्यासकट कोणाच्याही सांगण्यावर पूर्ण शेत लावू नका.

तुमच्याकडे ज्वारीची धाटे आहेतच, तर या हंगामात असे करा. एका सारख्या जमिनीत दोन मीटर बाय दोन मीटरचे बारा वाफे पाडा, चार प्रकार, प्रत्येकाचे तीन वाफे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिला प्रकार मोकळा. दुसऱ्यात चौरस मीटरला ८०० ग्रॅम कापलेली धाटे. तिसऱ्यात तेवढीच धाटे, पण तीन-चार वेळा पाण्यात भिजवून, पाणी फेकून, वाळवलेली. म्हणजे सावली राहील आणि विद्राव्य रसायन जाईल. चौथ्यात तुमचा अर्क, पेरणीच्या दिवशी आणि दहा दिवसांनी. सगळ्यांत सोयाबीन एकाच खोलीवर टोका. वाफ्याच्या मधोमध अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवून तण मोजा, माठ-घोळ वेगळे, लव्हाळा-हरळी वेगळे, आणि शेवटी चौकटीतले तण कापून, वाळवून वजन करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतला फरक म्हणजे तुमच्या जमिनीत ज्वारीच्या विद्राव्य रसायनाचा वाटा. तो नगण्य निघाला तरी हरकत नाही. मग धाटांचा उपयोग सावलीसाठी करा आणि रसायनासाठी पुढच्या फेरपालटीत ज्वारी दाट पेरा.

मोजणी दहाव्या दिवशी करून थांबू नका. दहाव्या दिवशी अर्काच्या वाफ्यातही फरक दिसेल आणि मन हुरळून जाईल. पंचविसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी पुन्हा मोजा, त्याच दिवशी सोयाबीनने ओळींमधली किती जमीन झाकली आहे तेही लिहून ठेवा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढच्या वर्षी ओळींमधले अंतर किती ठेवायचे ते ठरवता येईल.